गुलाबी चुना

दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. पुण्यातल्या एका हॉस्पिटलात, डे-केअर वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. आत मावशीला किमोचा तिसरा डोस चालू होता. माझ्या स्क्रीनवर एक तिकीट उघडं होतं : ‘आयफोनवर गुलाबी रिबन कार्टच्या चिन्हावर चढतेय. प्रायॉरिटी हाय.’

वीस मिनिटांचं काम होतं. मी रिबन चार पिक्सेल डावीकडे सरकवली, कोड पुढे पाठवला, टीमच्या ग्रुपवर दोन गुलाबी बदाम आले आणि तिकीट बंद झालं. तेवढ्यात नर्सने हाक मारली, “पेशंटबरोबर कोण आहे? हे इंजेक्शन खालून घेऊन या.” मी लॅपटॉप मिटला आणि खाली मेडिकलच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

तेव्हा मी एका ऑनलाइन शॉपिंग कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनीअर होते. त्या महिन्यातली मोहीम अशी : ‘पिंक कलेक्शन’मधलं काहीही घ्या, प्रत्येक ऑर्डरमागे आम्ही पाच रुपये स्तनाच्या कॅन्सरविरुद्धच्या लढ्याला देऊ. ग्राहकाला दिसत होतं ते इतकंच. माझ्याकडे आलेल्या कॉन्फिग फाइलमध्ये मात्र आणखी एक ओळ होती : कमाल रक्कम तीन लाख. म्हणजे साठ हजार ऑर्डरी झाल्या की मीटर बंद. दिवाळी तोंडावर होती. साठ हजारांचा आकडा नवव्या दिवशीच पार झाला. मोहीम चालली एकतीस दिवस.

उरलेले बावीस दिवस लोक गुलाबी बाटल्या, गुलाबी टॉवेल, फोनची गुलाबी कव्हरं घेत राहिले आणि त्यातला एक रुपयाही कुठे जात नव्हता. पाच रुपये मोजणं कोडने थांबवलं होतं. पानावरचं वाक्य काढायला मात्र कुणी सांगितलं नव्हतं. मी सकाळच्या मीटिंगमध्ये विचारलं. उत्तर आलं, “मजकूर लीगलने पास केलाय. अटी-शर्तींत मर्यादा लिहिली आहे ना.” लिहिली होती. अकराव्या कलमात. आणि मोहिमेच्या खर्चाच्या शीटमध्ये इन्फ्लुएन्सरच्या रील्सचा आकडाही होता. तो तीन लाखांच्या चौपट होता.

ही फसवणूक होती का? कायद्याच्या भाषेत बहुधा नाही. म्हणूनच हे लिहायला हवं असं वाटलं. एखादी कंपनी लबाड निघाली असती तर तक्रार करून मोकळी झाले असते. पण इथे कुणीच लबाड नव्हतं. सगळे भले लोक होते, गुलाबी टी-शर्ट घालून आले होते. ती गोष्ट बांधलीच तशी गेली होती, आणि बांधणाऱ्यांत मी होते.

रिबन आधी गुलाबी नव्हती

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, शार्लट हेली नावाच्या ६८ वर्षांच्या बाई घरच्या टेबलावर बसून रिबिनी करायच्या. त्यांची आजी, बहीण आणि मुलगी, तिघींनाही स्तनाचा कॅन्सर झालेला. रिबिनीचा रंग पीच, म्हणजे फिकट नारिंगी. बरोबर एक कार्ड. कार्डावर हिशोब : देशाच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेचं वर्षाचं बजेट १.८ अब्ज डॉलर आणि त्यातले कॅन्सर होऊच नये यासाठी खर्च होतात फक्त ५ टक्के. आपल्या लोकप्रतिनिधींना जागं करण्यासाठी ही रिबन लावा. दुकानात भेटणाऱ्या बायकांना त्या रिबन द्यायच्या, नामवंत बायकांना पत्रं लिहायच्या.

१९९२ मध्ये ‘सेल्फ’ हे मासिक आणि एस्टी लॉडर ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी ऑक्टोबरच्या अंकासाठी अशाच रिबनच्या शोधात होती. त्यांनी हेलीबाईंना विचारलं. बाईंनी नकार दिला. हे फार बाजारू होतंय, असं त्यांचं म्हणणं. मग वकिलांनी तोडगा काढला : रंग बदला. पीचची गुलाबी झाली. त्या हंगामात एस्टी लॉडरच्या काउंटरवरून १५ लाख रिबिनी वाटल्या गेल्या. त्यांच्याबरोबरही कार्ड होतं, पण वेगळं. स्वतःचे स्तन स्वतः कसे तपासायचे, ते त्यावर लिहिलेलं होतं.

हे दोन कार्डांमधलं अंतर नीट पाहा. पहिलं कार्ड सरकारला विचारतं : पैसा कुठे जातो? दुसरं कार्ड बाईला विचारतं : तू तपासलंस का? संशोधनाचा निधी वाढवा म्हणून कंपनीने त्या वर्षी अर्जावर सह्याही गोळा केल्या होत्या, तेही सांगायला हवं. पण पुढच्या तीस वर्षांत जगभर पसरली ती रिबन. अर्ज मागेच राहिला.

ऑक्टोबर महिन्याचीही अशीच कथा आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीचा महिना १९८५ मध्ये सुरू झाला, तो अमेरिकन कॅन्सर सोसायटी आणि इम्पीरिअल केमिकल इंडस्ट्रीज यांच्या पुढाकाराने. या कंपनीचा औषध विभाग टॅमॉक्सिफेन बनवत असे. स्तनाच्या कॅन्सरवरचं हे अतिशय महत्त्वाचं औषध. हा विभाग पुढे झेनेका आणि मग ॲस्ट्राझेनेका झाला. हीच इम्पीरिअल केमिकल शेतीची तणनाशकंही बनवत असे. टॅमॉक्सिफेनने असंख्य बायकांचे जीव वाचवले आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण महिना ज्याच्या पैशावर उभा, त्याला गैरसोयीचे प्रश्न त्या महिन्यात कसे विचारले जाणार? ‘लवकर तपासा’ हे वाक्य कुणालाच टोचत नाही. ‘होतो कशामुळे?’ हा प्रश्न कारखान्यांना टोचतो. ‘औषध एवढं महाग का?’ हा औषध कंपनीला टोचतो. जागृतीच्या महिन्यात पहिलंच वाक्य उरलं, यात नवल ते काय.

कोंबडी, दही आणि ड्रिल

२०१० मध्ये केएफसीने अमेरिकेत तळलेल्या कोंबडीच्या गुलाबी बादल्या काढल्या. प्रत्येक बादलीमागे ५० सेंट सुसान कोमेन या बड्या संस्थेला. बारीक अक्षरातली अट अशी होती : देणगी मोजली जाणार ती रेस्टॉरंट-चालकांनी मागवलेल्या बादल्यांवर, ग्राहकाच्या खरेदीने देणगी थेट वाढणार नाही. म्हणजे तुम्ही कोंबडी खा किंवा खाऊ नका, हिशोब आधीच झालेला. संस्थेला ४२ लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली, हे खरं. आणि रजोनिवृत्तीनंतर स्थूलपणामुळे स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, हेही खरं. ती रिबन तरीही तळलेल्या कोंबडीच्या बादलीवर बसली.

योप्ले नावाच्या दह्याची मोहीम बरीच वर्षं चालली. दही खायचं, गुलाबी झाकण धुवायचं, टपालाने कंपनीला पाठवायचं. एका झाकणामागे १० सेंट. २००९ मध्ये अमेरिकेत साध्या पत्राला ४४ सेंटचं तिकीट लागत होतं. एका पाकिटात चार झाकणं घातली तरी टपाल खात्याला ४४ सेंट आणि कॅन्सरला ४०. मी हे गणित मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, “मग सरळ तिकिटाचे पैसेच पाठवायचे ना!” पण त्यात दही खपत नाही.

सगळ्यांवर कडी केली ती २०१४ मध्ये बेकर ह्यूज या तेल-उद्योगातल्या कंपनीने. जमीन पोखरून तेल आणि वायू काढायच्या ड्रिलची १,००० टोकं गुलाबी रंगवली आणि कोमेनला १ लाख डॉलर दिले. जमिनीखाली हजारो फुटांवर खडकात घुसणाऱ्या त्या टोकाचा रंग पाहून कुणात जागृती होणार होती?

या प्रकाराला अमेरिकेतल्या ‘ब्रेस्ट कॅन्सर ॲक्शन’ या संघटनेने नाव दिलं, पिंकवॉशिंग. ही संघटना १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत या आजाराने गाठलेल्या बायकांनीच सुरू केली. २००२ पासून तिची ‘थिंक बिफोर यू पिंक’ ही मोहीम चालू आहे. मराठीत वेगळा शब्द शोधायची गरजच नाही. आपल्याकडे भिंतीलाही चुना लावतात आणि माणसालाही. हा गुलाबी चुना.

लेखिका बार्बरा एहरेनराइक यांना स्वतःला स्तनाचा कॅन्सर झाला, तेव्हा त्यांनी २००१ मध्ये ‘हार्पर्स’ मासिकात या गुलाबी दुनियेवर एक जळजळीत लेख लिहिला. टेडी बेअर, रिबिनी, हसतमुख राहण्याची सक्ती या सगळ्याने त्या संतापल्या होत्या. त्यांचा मुद्दा मला हॉस्पिटलच्या बाकावर कळला. जाहिरातीतली बाई नेहमी ‘सर्व्हायव्हर’ असते, लढून जिंकलेली. ज्यांचा कॅन्सर हाडांत, यकृतात पसरलाय, ज्यांचं औषध आता आयुष्यभर चालणार आहे, त्या बायका पोस्टरवर नसतात. त्यांच्या चेहऱ्याने बाटली खपत नाही. डे-केअर वॉर्डात मात्र त्याही मावशीच्या शेजारच्याच खुर्चीत बसलेल्या असतात.

मावशीला माहीत होतं

मावशीचं गाव पंढरपूर तालुक्यात. जानेवारीत आंघोळ करताना तिला डाव्या बाजूला गाठ लागली. घरी सांगितलं ऑगस्टमध्ये. सात महिने. आईने फोनवर सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा तेच बोलले, जे आपण सगळे बोलतो : “अगं, एवढी जागृती चाललीय सगळीकडे, तिला माहीत नव्हतं?”

पुढे पुण्याला आमच्याकडे राहायला आल्यावर मी तिलाच विचारलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच लहान आहे.

“माहीत नसायला काय झालं? तो गुलाबी फोटो मीच नाही का पाठवलेला तुमच्या ग्रुपवर? पण दाखवायचं कुणाला? दवाखान्यात बाप्या डॉक्टर. सोलापूरला जायचं तर तुझ्या काकांना सांगावं लागणार. ऊस जायचा होता कारखान्याला. आणि निघालंच काही, तर पैसे कुठून आणायचे? म्हटलं, ऊस जाऊ दे, मग बघू.”

तिने फोटो खरंच पाठवला होता. मी ग्रुपवर मागे जाऊन पाहिलं. गुलाबी रिबन, एक गुलाब, ‘दहा जणींना पाठवा’.

म्हणजे जागृती पोचली होती. पोचली नव्हती ती तपासणारी बाई, सोलापूरची गाडी आणि पैसे. गुलाबी मोहिमा नेमकं तेच वाटतात जे वाटायला त्यांना काही लागत नाही. जागृती सगळ्यात स्वस्त. ती मोजता येते हजारो ‘व्ह्यूज’मध्ये, आणि तिचा परिणाम कुणी विचारत नाही. आमच्या पानावरही आकडा धावत होता : ‘आपण इतक्या स्त्रियांपर्यंत पोचलो’. तो आकडा म्हणजे पान किती वेळा उघडलं गेलं, तो. मीच लावला होता.

आणि ही जागृती तरी धड आहे का? ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली मेट्रोत एक पोस्टर लागलं. क्रिकेटपटू युवराज सिंगच्या ‘यूवीकॅन’ संस्थेचं. त्यात बायकांना महिन्यातून एकदा आपली ‘संत्री’ तपासायला सांगितलं होतं. टीका झाली, मेट्रोने पोस्टर उतरवलं. युवराज स्वतः कॅन्सरमधून बाहेर आलेला, हेतूवर शंका नाही. पण ज्या अवयवाच्या आजाराची मोहीम आहे त्याचं नावच घेता येत नसेल, तर ज्या लाजेपायी मावशी सात महिने गप्प बसली, ती लाज आपण कमी केली की छापून लावली?

दुसरा नमुना माझ्याच ऑफिसातला. त्याच ऑक्टोबरात आम्हा पंचविशी-तिशीतल्या मुलींना एका लॅबची सवलतीची कुपनं वाटली : मॅमोग्राफी आणि रक्तातली ‘कॅन्सर मार्कर’ चाचणी. घरात कुणाला हा आजार नसलेल्या, काही लक्षण नसलेल्या तिशीच्या आतल्या मुलीने नेमाने मॅमोग्राफी करावी असं कुठलीही महत्त्वाची वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वं सांगत नाहीत. अमेरिकेचीही सुरुवात चाळीशीपासून होते. सीए १५-३ ही मार्कर चाचणी निरोगी बाईत कॅन्सर शोधण्यासाठी नसतेच. ज्यांना गरज नाही त्यांना सवलत, आणि मावशीला गाडी नाही.

खरंच काय चालतं

याचं उत्तर शोधायला अमेरिकेत जावं लागत नाही. ते मुंबईत आहे.

१९९८ मध्ये टाटा मेमोरिअल हॉस्पिटलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्य सेविका हाताने स्तनांची तपासणी करायच्या. यंत्र नाही. डॉक्टर नाही. काही आठवड्यांचं नीट प्रशिक्षण घेतलेल्या, दहावी शिकलेल्या बायका. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. ज्या वस्त्यांत तपासणी झाली तिथे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडणाऱ्या कॅन्सरचं प्रमाण ४७ वरून ३७ टक्क्यांवर आलेलं दिसलं. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आत तसा ठोस फरक दिसला नाही, हेही त्याच निबंधात आहे.

याच्याशेजारी चीनमधला अभ्यास ठेवा. शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २,६६,०६४ कामगार बायकांवर केलेला, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला. निम्म्या जणींना स्वतःचे स्तन कसे तपासायचे ते नीट, पुन्हा पुन्हा शिकवलं. मृत्यू कमी झाले नाहीत. याचा अर्थ गाठ लागली तर दुर्लक्ष करा असा मुळीच नाही. गाठ, त्वचेवर खळगा, स्तनाग्रातून रक्त, काहीही वेगळं वाटलं तर लगेच दाखवायचं. पण ‘महिन्यातून एकदा तपासा’ एवढं सांगून जबाबदारी बाईवर टाकली की काम झालं, हे खोटं आहे. कामाला येतो तो दुसऱ्या बाईचा शिकलेला हात, दारात आलेला, आणि त्यामागे उभी असलेली पुढच्या उपचारांची सोय.

भारत सरकारला हे ठाऊक आहे. २०१६ च्या मार्गदर्शिकेतच तिशीपुढच्या बायकांची अशी हाताने तपासणी करायचं ठरलं आहे. प्रत्यक्षात काय? २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, तुमची स्तनाच्या कॅन्सरसाठी कधी तपासणी झाली आहे का? ‘हो’ म्हणणाऱ्या निघाल्या ०.९ टक्के. शंभरात एकसुद्धा नाही. आणि २०२२ च्या ‘ग्लोबोकॅन’च्या अंदाजानुसार देशात एका वर्षात या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू.

गावात दारोदार जाऊन ‘छातीत गाठ आहे का’ हा प्रश्न असलेला फॉर्म भरून घेणारी बाई कोण? आशा सेविका. २०२३ च्या ऑक्टोबरात, म्हणजे ऐन गुलाबी महिन्यात, महाराष्ट्रातल्या आशा सेविका मानधनवाढीसाठी संपावर होत्या. त्या महिन्यात माझ्या फीडमध्ये लिपस्टिक, बँका, बिस्किटं, सगळं गुलाबी होतं. आशाताईंबद्दल एकाही ब्रँडची पोस्ट मला दिसली नाही.

औषधांचंही तसंच. नर्सने मला खालून आणायला सांगितलेलं इंजेक्शन ट्रास्टुझुमॅबचं होतं. हे मूळचं रोश कंपनीचं औषध एकेकाळी भारतात सामान्य माणसाच्या हाताबाहेर होतं. कार्यकर्त्यांनी त्याच्या किमतीविरुद्ध मोहीम चालवली, रोशने २०१३ मध्ये इथलं पेटंट सोडलं, २०१४ मध्ये बायोकॉनचं पर्यायी औषध आलं, त्यावर रोश दिल्ली उच्च न्यायालयात गेली. या कोर्टकचेऱ्यांतून आणि स्पर्धेतून किंमत खाली आली, म्हणून आम्ही ते घेऊ शकलो : काही योजनेतून, काही विहिरीच्या मोटरसाठी ठेवलेल्या पैशातून, काही माझ्या पगारातून. पण २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयात एका बाईंना याचिका करावी लागली. रायबोसिक्लिब हे त्यांचं औषध, पेटंटखालचं, महिन्याला ५० हजारांच्या वर. दुसऱ्यांना ते बनवायचा सक्तीचा परवाना द्या, एवढीच मागणी. खटला चालू असतानाच त्या गेल्या. न्यायालयाने प्रकरण स्वतःहून पुढे चालवायला घेतलं.

टाटा मेमोरिअलच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने देशातल्या अनेक हॉस्पिटलांसाठी ४० औषधांची एकत्र खरेदी करून किमती मोठ्या प्रमाणात खाली आणल्या. हे काम रटाळ आहे. घासाघीस, निविदा, एक्सेल शीट. त्याची रिबन निघत नाही. जीव मात्र त्यानेच वाचतात.

‘काहीच नसण्यापेक्षा बरं ना?’

हे मला हमखास विचारलं जातं. तीन लाख तर गेले ना चांगल्या कामाला?

गेले. एस्टी लॉडरच्या मोहिमेतून १९९३ मध्ये उभ्या राहिलेल्या संस्थेने संशोधनालाही मोठा पैसा दिला आहे, हेही खरं. पण भारतातला हिशोब बघा. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार ठरावीक आकारावरच्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्च करावेच लागतात. त्याच कायद्याचे नियम म्हणतात की स्वतःच्या मालाच्या जाहिरातीसाठी केलेलं प्रायोजकत्व त्यात धरता येणार नाही. मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिराती असले एकदाच होणारे कार्यक्रमही त्यात बसत नाहीत, असं सरकारने २०१४ मध्येच परिपत्रक काढून सांगितलं आहे. म्हणजे अशा मोठ्या कंपनीची गुलाबी मोहीम दोनांपैकी एक असते. एक तर ती शुद्ध जाहिरात आहे. नाहीतर ते पैसे कायद्याने तसेही द्यायचेच होते आणि तुमच्या गुलाबी बाटलीचा त्याच्याशी संबंध नाही.

आणि ‘काहीच नसण्यापेक्षा’ या शब्दांत एक मेख आहे. माणसाची दानत अमर्याद नसते. गुलाबी बाटली घेतल्यावर ‘या वर्षीचं झालं’ असं वाटतं. मलाही वाटायचं. जी शंभराची नोट उपचारासाठी आलेल्या बाईच्या राहण्या-जेवणाला गेली असती, ती बाटलीत गेली.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आजारातून गेलेल्या कितीतरी जणींना ती रिबन आधार देते. तुम्ही कोण ती हिसकावणाऱ्या? कुणीच नाही. ज्या बाईने स्वतः लावली, तिची ती रिबन. शार्लट हेलींनीही स्वतःच्या हाताने लावली होती. माझं भांडण आहे ते ती माझ्या कार्टच्या चिन्हाशेजारी चिकटवणाऱ्यांशी.

हिशोब मागा

मी तुम्हाला बहिष्कार घाला असं सांगत नाही. पुढच्या ऑक्टोबरात गुलाबी काही समोर आलं तर खरेदीआधी तीन आकडे मागा. माझ्या मालाच्या किमतीतले नेमके किती रुपये जाणार? एकूण मर्यादा किती, आणि ती गाठली गेली का? कुणाला जाणार, आणि गेल्या वर्षीची पावती कुठे आहे? सोशल मीडियावर उघड विचारा. ही उत्तरं कंपनीच्या डेटाबेसमध्ये असतात. मी त्या बाजूला बसलेली आहे म्हणून सांगते, ती पानावर दाखवायला एका इंजिनीअरला अर्धा दिवस पुरतो. दाखवत नसतील तर तो निर्णय आहे.

विचारून काय होतं? योप्लेच्याच दह्यात अशा गायींचं दूध असायचं, ज्यांना दूध वाढवण्यासाठी कृत्रिम हार्मोन दिलं जाई. त्या हार्मोनवर युरोपीय संघात आणि कॅनडात बंदी होती. ब्रेस्ट कॅन्सर ॲक्शनने लोकांना कंपनीला पत्रं पाठवायला लावली. २००९ मध्ये कंपनीने ते दूध वापरणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. प्रश्नांनी ते झालं, झाकणांनी नाही.

आणि द्यायचेच असतील तर सरळ द्या. जवळच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन विचारा, आज कुणाचं काय अडलंय. तुमच्या गावच्या आशाताईंना विचारा, तपासणीसाठी बायकांना तालुक्याला न्यायला गाडी आहे का. ग्रामसभेत विचारा, आरोग्य केंद्रात तपासणी करणारी बाई आठवड्यातून किती दिवस असते. हे प्रश्न शार्लट हेलींच्या कार्डाच्या जातीचे आहेत.

पुढच्या वर्षी ते तिकीट पुन्हा माझ्याकडे आलं. मी खाली लिहिलं : मर्यादेचा आकडा बटणाशेजारी दिसावा आणि मर्यादा गाठली की पान आपोआप उतरावं, दोन्ही मी करून देते. दुपारपर्यंत तिकीट दुसऱ्याच्या नावावर गेलं. कुणी काही बोललं नाही. त्या वर्षीही पान एकतीस दिवस चाललं. चार महिन्यांनी मी ती नोकरी सोडली. कारणं इतरही होती, त्यामुळे त्याचं श्रेय घेत नाही.

मावशी बरी आहे. दर सहा महिन्यांनी तपासणीला येते. हॉस्पिटलात कुणीतरी वाटलेली गुलाबी पिशवी तिच्याकडे आहे, तिच्यात रिपोर्ट ठेवते. मागच्या खेपेला वाडीतल्या दोघीजणींना बरोबर घेऊन आली होती. “ह्यांना पण लागतंय काहीतरी,” म्हणाली. “मी म्हटलं, दाखवायला माणूस आहे आपल्याकडं पुण्यात.”